हृदयविकाराचा झटका, मूळपेशी आणि रुग्णाची आशा

आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्या धर्मगुरूला पूर्वी जे प्रश्न विचारले जात, त्यांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला गृहस्थ स्वतः, किंवा बहुधा त्याचा मुलगा अथवा जावई, आपल्याला ओसरीवर बाजूला घेतो आणि हळू आवाजात विचारतो, "फादर, ती स्टेम सेलची ट्रीटमेंट म्हणतात, तिने बाबांचे हृदय पुन्हा पहिल्यासारखे होईल का? आणि ती घेतलेली आपल्या धर्माला चालते का?" हे प्रश्न दोन आहेत. पहिला वैद्यकाचा, दुसरा नीतीचा. आमचे निरीक्षण असे की, आपल्यापैकी पुष्कळजण पहिला प्रश्न डॉक्टरांवर सोपवून मोकळे होतात आणि दुसऱ्याचे उत्तर मात्र तेथल्या तेथे देऊन टाकतात. कोणी "ख्रिस्तसभेचा ह्याला विरोध आहे" असे सांगतो, तर कोणी "स्वतःच्याच पेशी असतील तर हरकत नाही" असे म्हणून आशीर्वाद देतो. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. काय केले जाते, त्यातून काय साधते आणि काय साधत नाही, हे कळल्यावाचून त्याच्या योग्यायोग्यतेचा विचार करता येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही वस्तुस्थितीला अधिक जागा देणार आहोत. वाचकांनी ती धीराने वाचावी, अशी विनंती आहे.

हृदय हा मुठीएवढा एक पोकळ स्नायू आहे. साऱ्या शरीराला तो रक्त पुरवतो. परंतु त्याच्या पोकळीतून वाहणारे रक्त त्याच्या स्वतःच्या जाड भिंतींना पोसू शकत नाही. त्या भिंतींना लागणारे रक्त हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या रोहिण्यांतून येते. डॉक्टर त्यांना करोनरी म्हणतात. अशा एखाद्या रोहिणीच्या अस्तरात वर्षानुवर्षे साचलेला मेदाचा थर एके दिवशी फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि प्रवाह थांबतो. प्राणवायू न मिळाल्याने पलीकडच्या स्नायूपेशी सुमारे अर्ध्या तासात मरू लागतात आणि काही तासांत त्या भागातील बहुतेक स्नायू कायमचा जातो. हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात, ज्याला मराठीत डावी जवनिका म्हणतात, दोनशे ते चारशे कोटी स्नायूपेशी असतात. मोठ्या झटक्यात त्यांपैकी शंभर कोटीपर्यंत पेशी नष्ट होऊ शकतात.

मेलेल्या पेशींचा निचरा रक्तातील पांढऱ्या पेशी करतात आणि काही आठवड्यांत तेथे तंतूंचा एक घट्ट वण तयार होतो. हा वण उपकारकच असतो, कारण तो नसता तर हृदयाची भिंत फाटली असती. मात्र तो आकुंचन पावत नाही. त्याच्या वाट्याचे काम उरलेल्या स्नायूला करावे लागते, त्या ताणाने कप्पा हळूहळू ताणला जाऊन मोठा होतो आणि तो जितका मोठा होतो तितका दुबळा होतो. मग जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, आणि रविवारच्या मिस्साबलिदानाला पहिल्या बाकावर बसणारा माणूस दाराशीच खुर्ची मागू लागतो. 'इको'च्या कागदावर ह्या दुबळेपणाचा एक आकडा लिहिलेला असतो. त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. दर ठोक्याला कप्प्यातील रक्तापैकी किती टक्के रक्त बाहेर फेकले गेले, हे तो सांगतो. निरोगी माणसात तो साधारण ५५ किंवा त्याहून अधिक असतो. मोठा झटका येऊन गेलेल्याचा ३० किंवा ३५ असू शकतो. घरची माणसे हा आकडा मुलाच्या परीक्षेतील गुणांसारखा पाठ करून ठेवतात. पुढे त्याचा संबंध येणार आहे, म्हणून तो येथे समजावून सांगितला.

कापलेली कातडी भरून येते, यकृताचा तुकडा काढला तर ते वाढते. मग हृदयच का भरून येत नाही? प्रौढ माणसाच्या हृदयपेशी मुळी नव्याने जन्मतात की नाही, हेच पुष्कळ वर्षे निश्चित नव्हते. त्याचे उत्तर एका विचित्र वाटेने मिळाले. १९५०च्या दशकापासून १९६३ सालच्या करारापर्यंत महासत्तांनी उघड्या हवेत अण्वस्त्रांचे जे स्फोट केले, त्यांमुळे वातावरणातील किरणोत्सारी कार्बन वाढला आणि अन्नावाटे तो त्या काळी जन्मलेल्या पेशींच्या गाभ्यात शिरला. स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयपेशींतील हा कार्बन मोजून त्यांचे वय काढले. त्यांचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला : पंचविशीतील माणसाच्या हृदयातील सुमारे १ टक्का पेशी वर्षभरात नव्या होतात आणि पंच्याहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. म्हणजे हृदय स्वतःला दुरुस्त करतेच, पण इतक्या मंद गतीने की झटक्याने पडलेले भगदाड त्याने भरून येणे नाही. विनाशासाठी फोडलेल्या बाँबचा असा उपयोग झाला, ही गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते.

आता मूळपेशींकडे वळू. शरीरातील बहुतेक पेशींनी आपापला व्यवसाय कायमचा पत्करलेला असतो : कोणी त्वचेची, कोणी मज्जातंतूची, कोणी स्नायूची. ज्यांनी तो अजून पूर्णपणे पत्करलेला नाही, ज्या स्वतःसारख्या पेशीही निर्माण करतात आणि वेगळ्या व्यवसायाच्या पेशीही, त्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल. त्यांच्या जाती अनेक आहेत, आणि गोंधळ होतो तो येथेच. हाडांच्या पोकळीतील मज्जेत रक्ताच्या मूळपेशी असतात. त्यांपासून आयुष्यभर तांबड्या व पांढऱ्या पेशी बनत राहतात. रक्ताच्या कर्करोगावर मज्जारोपण केले जाते ते ह्यांच्याच आधारावर. ते शास्त्र पक्के आहे, त्याबद्दल डॉ. डॉनल थॉमस ह्यांना १९९० साली नोबेल पारितोषिकही मिळाले. दुसरी जात भ्रूणातील मूळपेशींची. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतील भ्रूणापासून त्या काढल्या जातात आणि त्यांपासून शरीरातील कोणतीही पेशी बनू शकते. माणसाच्या अशा पेशी अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे जेम्स थॉमसन ह्यांनी १९९८ साली प्रथम वेगळ्या केल्या. तिसऱ्या जातीकडे पुढे येऊ. आपल्या देशात हृदयरोग्यापुढे जी सुई धरली जाते तिच्यात बहुधा पहिल्या प्रकारच्या, म्हणजे रुग्णाच्याच मज्जेतून काढलेल्या पेशी असतात. तेव्हा प्रथम त्यांचाच इतिहास पाहिला पाहिजे.

तो इतिहास २००१ सालापासून सुरू होतो. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये 'नेचर' ह्या नियतकालिकात डोनाल्ड ऑर्लिक, पिएरो अँव्हेर्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. उंदरांना कृत्रिम झटका आणून त्यांच्या हृदयात मज्जेतील मूळपेशी टोचल्या असता नऊ दिवसांत मेलेल्या भागाचा सुमारे दोनतृतीयांश हिस्सा नव्या स्नायूने भरून आला, असा त्यात दावा होता. रक्ताच्या पेशींनी आपला व्यवसाय बदलून हृदयाचा पत्करला, असा ह्याचा अर्थ. वैद्यकविश्वात खळबळ उडाली. त्याच वर्षी जर्मनीतील ड्यूसेलडोर्फ येथे बोडो स्ट्राउअर ह्यांनी झटका आलेल्या एका रुग्णाच्या करोनरी रोहिणीत त्याच्याच मज्जेतील पेशी सोडल्या. उंदरांवरील प्रयोगाची दुसऱ्या कोणी पडताळणी करण्यापूर्वीच माणसांवरील उपचार सुरू झाले होते.

पडताळणी झाली ती २००४ साली. सिॲटल येथील चार्ल्स मरी आणि स्टॅनफर्ड येथील रॉबर्ट रॉबिन्स ह्यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तोच प्रयोग अधिक काटेकोर खुणा वापरून केला. दोघांचेही निबंध 'नेचर'च्या एकाच अंकात आले आणि दोघांचेही उत्तर एकच होते : मज्जेतील पेशी हृदयपेशी होत नाहीत. त्या रक्ताच्याच पेशी राहतात. पुढल्या वर्षी जर्मनीतील हॅनोव्हर येथे आणखी एक गोष्ट दिसून आली. खूण केलेल्या मज्जापेशी रुग्णांच्या करोनरी रोहिणीत सोडल्यावर तास-सव्वा तासात पाहिले तर शंभरातील दोन-अडीचच हृदयात सापडल्या. बाकीच्या यकृताकडे आणि प्लीहेकडे निघून गेल्या होत्या.

तरीही माणसांवरील चाचण्या चालूच राहिल्या, आणि त्यामागे केवळ हट्ट होता असे म्हणता येणार नाही. हॅनोव्हर येथील ६० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी, पेशी दिलेल्यांचा आकडा सुमारे पावणेसात अंकांनी वाढला. न दिलेल्यांचा एका अंकानेही वाढला नाही. पण अठरा महिन्यांनी तपासले तेव्हा दोन्ही गट जवळजवळ बरोबरीला आले होते. २००६ साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात फ्रँकफर्टच्या २०४ रुग्णांच्या चाचणीने थोडा लाभ दाखविला आणि नॉर्वेच्या १०० रुग्णांच्या चाचणीने काहीच लाभ दाखविला नाही. असे दोन साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलू लागले की न्यायाधीश अधिक साक्षीदार बोलावतो. वैद्यकशास्त्रही तेच करते. २०१५ साली ४१ चाचण्यांतील २,७३२ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही.

ह्याच सुमारास झालेला एक शोध आपल्यासारख्यांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. लंडनमधील डॅरेल फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९ चाचण्यांचे १३३ अहवाल एकेक ओळ वाचून त्यांतील विसंगती मोजल्या. एका कोष्टकात रुग्ण ३० तर दुसऱ्यात ३२, मृत घोषित केलेल्या रुग्णाची पुढे तपासणी झाल्याची नोंद, अशा स्वरूपाच्या ह्या चुका होत्या. एकूण ६०४ विसंगती निघाल्या. मग त्यांनी प्रत्येक चाचणीतील चुकांची संख्या आणि तिने सांगितलेला लाभ शेजारी शेजारी मांडले. ज्या चाचण्यांत तीसहून अधिक चुका, त्यांत आकडा सरासरी ७.७ अंकांनी वाढलेला. जसजशा चुका कमी तसतसा लाभ कमी. आणि ज्या पाच चाचण्यांत एकही विसंगती नव्हती, त्यांत लाभ शून्याच्याही किंचित खाली. हा निबंध २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्याच्या लांबलचक इंग्रजी शीर्षकातील अक्षरे जुळवून लेखकांनी त्याला 'डॅमसीन' असे नाव दिले. दमास्कसच्या वाटेवर कोणाचे डोळे दिपले आणि मग उघडले, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

चुकांच्या पलीकडची गोष्टही घडली. अँव्हेर्सा ह्यांनी पुढे असा सिद्धांत मांडला होता की हृदयातच स्वतःच्या मूळपेशी असतात आणि त्या काढून, वाढवून परत टोचता येतात. त्यावर आधारलेल्या एका चाचणीचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये २०११ साली मोठ्या गाजावाजाने आला आणि २०१९ साली तो मागे घेण्यात आला. दरम्यान २०१७ साली, ह्या प्रयोगशाळेत खोट्या माहितीच्या आधारे सरकारी अनुदान मिळविल्याच्या आरोपांवरून, बोस्टन येथील संबंधित रुग्णालयाने अमेरिकन सरकारला एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटविले. २०१८ साली हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालय आणि त्या रुग्णालयाने प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घेण्याची शिफारस केली. स्वतः अँव्हेर्सा ह्यांनी आपल्या हातून लबाडी झाल्याचे नाकारले आणि दोष एका सहकाऱ्याकडे दिला, हेही सांगितले पाहिजे. दोष कोणाचाही असो, सतरा-अठरा वर्षे अनेक देशांतील संशोधकांनी, आणि त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या रुग्णांनी, जिचा पाठपुरावा केला ती गोष्ट अस्तित्वातच नव्हती.

काही वाचक विचारतील की एवढे सगळे होऊनही काही उंदरांत, काही माणसांत सुधारणा दिसली ती खोटी होती काय? सगळीच खोटी नव्हती. २०१९ साली सिनसिनाटी येथील जेफ्री मोल्केंटिन ह्यांच्या गटाने उंदरांवर असे दाखविले की जिवंत मूळपेशी टोचल्या काय, मारून टाकलेल्या टोचल्या काय, किंवा पेशी अजिबात न टोचता केवळ प्रतिकारशक्तीला डिवचणारे एक रसायन टोचले काय, हृदयाची कार्यक्षमता सारखीच थोडी सुधारते. सुईने निर्माण केलेला दाह तेथे विशिष्ट पांढऱ्या पेशी बोलावतो आणि त्यामुळे वणाची घडण थोडी बदलते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नवा स्नायू त्यातून जन्मत नाही.

ह्या साऱ्या वादाचा निकाल लावण्यासाठी युरोपात एक मोठी चाचणी योजली गेली. तिच्यात ३,००० रुग्ण घ्यावयाचे होते, मिळाले ३७५. तिचा अहवाल २०२० साली आला. दोन वर्षांत पेशी दिलेल्या गटात ३.२६ टक्के आणि न दिलेल्या गटात ३.८२ टक्के मृत्यू झाले होते. एवढ्या अल्प फरकावरून काहीच ठरविता येईना. परंतु ह्या निष्फळ चाचणीत एक शुभवर्तमान दडलेले आहे. वेळेवर रोहिणी उघडली आणि नेहमीची औषधे नीट दिली, तर झटक्यानंतर हृदय दुबळे झालेल्या शंभर रुग्णांपैकी शहाण्णव जण दोन वर्षांनी जिवंत होते, आणि ते पेशींवाचून. त्याकडे आम्ही शेवटी वळू.

आता नीतीचा प्रश्न. रुग्णाच्याच मज्जेतील पेशी घेण्यात भ्रूणाचा संबंध येत नाही. म्हणून 'ख्रिस्तसभेचा मूळपेशींना विरोध आहे' असे सरसकट सांगणारा धर्मशिक्षक चुकीचे शिकवितो. कॅथलिक ख्रिस्तसभेची भूमिका 'दिग्नितास पेर्सोने' ह्या २००८ सालच्या दस्तऐवजात स्पष्ट आहे. ज्याच्यापासून पेशी घ्यावयाच्या त्याला गंभीर इजा होत नसेल, तर ती पद्धत ग्राह्य. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातील पेशी, जन्मवेळी नाळेतून मिळणारे रक्त आणि नैसर्गिकरीत्या मृत झालेल्या गर्भाच्या पेशी ही उदाहरणे तेथे दिलेली आहेत. जिवंत भ्रूणापासून पेशी काढल्या की त्याचा नाश होतो. म्हणून ती पद्धत अग्राह्य, मग तिचा हेतू कितीही चांगला असो. इतर ख्रिस्ती संप्रदायांत भ्रूणाच्या पहिल्या दिवसांतील दर्जाविषयी मतभेद आहेत, आणि त्यांच्या पाळकांशी बोलताना ह्याचे भान ठेवावे.

येथे तिसऱ्या जातीच्या मूळपेशींचा उल्लेख करावयाचा. जपानमधील क्योतो येथील शिन्या यामानाका ह्यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या त्वचेच्या पेशींत चार जनुके घालून त्यांना भ्रूणपेशींसारखी मूळ अवस्था परत मिळवून दिली. २०१२ साली त्यांना जॉन गर्डन ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. भ्रूण न मारता भ्रूणपेशींचे सामर्थ्य हाती आले, ही घटना नीतिशास्त्राच्या अभ्यासकाला फार महत्त्वाची वाटली पाहिजे. एखादी वाट अयोग्य म्हणून नाकारली की विज्ञान थांबते असे नाही, कधी कधी ते दुसरी वाट शोधते. मात्र ह्या पेशींचेही प्रत्येक उपयोग आपोआप योग्य ठरतात असे मानू नये.

ह्या मार्गाने तरी हृदय भरून येते काय? येथे मात्र नवा स्नायू खरोखर तयार होतो. मज्जापेशींचा भ्रम उघड करणाऱ्या चार्ल्स मरी ह्यांनीच २०१४ साली, भ्रूणपेशींपासून बनविलेल्या सुमारे शंभर कोटी हृदयपेशी माकडांच्या हृदयात टोचून, तेथे जिवंत स्नायू वाढल्याचे दाखविले. पण नव्या स्नायूचा ताल जुन्याशी जुळेना आणि काही आठवडे माकडांच्या हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने बिघडत राहिले. त्याच वर्षी पॅरिस येथे फिलिप मेनाशे ह्यांनी भ्रूणपेशींपासून बनविलेला पेशींचा तुकडा प्रथम एका रुग्णाच्या हृदयावर बसविला. जानेवारी २०२० मध्ये ओसाका येथे योशिकी सावा ह्यांनी यामानाका-पद्धतीच्या पेशींचा पातळ पापुद्रा रुग्णाच्या हृदयावर लावला. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील वोल्फ्राम-हुबेर्टस त्सिमरमान ह्यांच्या गटाने जाड ठिगळे तयार केली. त्यांचा २०२५ सालचा निबंध माकडांविषयी आणि एका रुग्णाविषयी आहे. त्या रुग्णाला पुढे दुसरे हृदय बसविले गेले आणि काढलेले जुने हृदय तपासले, तेव्हा ठिगळातील स्नायू जिवंत आढळला. ह्या गोष्टी खऱ्या आणि उत्साहवर्धक आहेत. पण हे रुग्ण मोजके आहेत, परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, आणि आपल्या तालुक्याच्या गावी पत्रक वाटणाऱ्या दवाखान्यात ह्यांपैकी काहीही नसते.

त्या पत्रकाविषयी थोडे. आमच्या परिचयाच्या, सीमाभागातील एका कुटुंबात असे पत्रक आले होते. दूरच्या एका मोठ्या शहरातील खाजगी दवाखान्याचे ते होते, आणि त्यावर नव्या हृदयाविषयी यहेज्केल संदेष्ट्याच्या भाषेची आठवण यावी असे शब्द होते. वडिलांसाठी मुलांनी उसाचा मळा गहाण ठेवला. त्याहून वाईट म्हणजे रक्कम जुळेपर्यंत वडिलांनी रोजच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या, कारण 'सुई दिल्यावर त्यांची गरजच राहणार नाही' असा त्यांचा समज होता. सुई दिली गेली. नंतरच्या इकोत आकडा ३० चा ३५ झाला आणि घरात पेढे वाटले गेले. एकाच रुग्णाचा इको दोन तज्ज्ञांनी वाचला तर एवढा फरक सहज पडतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. चार महिन्यांनी ते छातीत पाणी होऊन रुग्णालयात दाखल झाले. मळा अजून सुटलेला नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील ती रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आपण सारे जाणतो. वैद्यांच्या हाती सर्व मिळकत देऊनही तिचे दुखणे वाढलेच होते. लूकने ही कथा सांगताना वैद्यांविषयीचा कडवटपणा सौम्य केला, असे भाष्यकार गमतीने म्हणतात. तो स्वतः वैद्य होता अशी परंपरा आहे.

आमच्या मते ह्या उपचारातील नीतीचा जिवंत प्रश्न येथे आहे. भ्रूणाचा प्रश्न गंभीर खरा, पण आपल्या धर्मग्रामांतील रुग्णापुढे तो क्वचितच येतो. त्याच्यापुढे येतो तो सत्याचा आणि पैशाचा प्रश्न : जे सिद्ध झालेले नाही ते सिद्ध झाले म्हणून विकावे काय? ह्याबाबत देशाची नियमावलीही मौन नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या विकारांसारख्या मान्य कारणांसाठी होणारे मज्जारोपण सोडले, तर रुग्णावर मूळपेशींचा कोणताही उपयोग हे संशोधन समजावयाचे. ते मान्यताप्राप्त चाचणीतच करावयाचे आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नाहीत. शिवाय १९५४ सालच्या जादूटोणा-औषधांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या यादीत हृदयविकाराचेही नाव आहे. तो बरा करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे.

म्हणून कोणी विचारण्यास आला तर आपण डॉक्टर होण्याची गरज नाही. त्याला दोन-तीन प्रश्न विचारावयास शिकवावे. ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असेल तर भारतीय चाचणी-नोंदवहीतील तिचा क्रमांक काय? ही नोंदवही २००७ सालापासून आहे आणि संगणकावर कोणालाही पाहता येते. तिला मान्यता देणारी नीतिसमिती कोणती? आणि पैसे का मागितले जात आहेत? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा अडखळला, तर बहुधा पुढचे बोलणे लागत नाही. खरीखुरी चाचणी असेल, जोखीम समजावून सांगितली असेल आणि रुग्णाने स्वेच्छेने भाग घेतला, तर त्याला अडवू नये. पुढच्या रुग्णांसाठी केलेले ते एक प्रकारचे दान आहे. मात्र त्यात आपल्याला केवळ साखरपाण्याची सुईही मिळू शकते, हे त्याला माहीत असले पाहिजे.

रुग्णाची आशा मोडू नये, ह्या विचाराने आपल्यापैकी काहीजण अशा वेळी गप्प बसतात. त्यांची भावना आम्ही जाणतो. परंतु आशा देण्यासाठी खोट्याचा आधार घेण्याची गरजच नाही, इतके आज वैद्यकाच्या हाती आहे. रोहिणी फुग्याने उघडण्याची शस्त्रक्रिया आन्द्रेआस ग्रुंटझिग ह्यांनी झ्यूरिक येथे १९७७ साली प्रथम केली. आज ती आपल्या मोठ्या शहरांत रोज होते. त्यानंतर रोज घ्यावयाच्या गोळ्या दुबळ्या हृदयाचे आयुष्य खरोखर वाढवितात, आणि हे हजारो रुग्णांच्या चाचण्यांत दिसून आले आहे. त्यांतील कित्येक औषधे स्वस्त आहेत. अडचण असते ती बरे वाटू लागले की गोळ्या सोडण्याची. महिन्याच्या भेटीत धर्मशिक्षकाने "गोळ्या चालू आहेत ना, आजोबा?" एवढे विचारले तरी तो मोठी सेवा करतो. बेनसिराच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा जो मान राखला आहे, त्याचा अर्थ आपण प्रवचनात सांगतोच.

आणि शेवटी वेळ. मेलेली पेशी परत आणण्याचे प्रयत्न पंचवीस वर्षे चालले आहेत. मरू घातलेली पेशी वाचविण्याची विद्या मात्र आधीच हाती आहे, फक्त ती काही तासांतच उपयोगी पडते. गोव्यात २०१८ साली सुरू झालेल्या योजनेत लहान आरोग्यकेंद्रात काढलेला हृदयालेख दूर बसलेले तज्ज्ञ काही मिनिटांत वाचतात, गुठळी विरघळविणारे औषध तेथेच दिले जाते आणि मग रुग्णाला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हलविले जाते. सगळीकडे एवढी सोय नाही, पण १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद ह्या साऱ्या भागांत आहे. छातीच्या मध्यभागी जडपणा, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, स्त्रियांत आणि मधुमेह्यांत कधी केवळ धाप आणि मळमळ, ह्याला पित्त समजून सोडा पिऊन रात्र काढणारी माणसे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. मंडळाच्या सभेत हे एकदा तरी सांगून ठेवावे. आणि अशा रात्री अभ्यंगासाठी बोलावणे आले, तर निघण्यापूर्वी रुग्णवाहिका बोलावली आहे काय हे प्रथम विचारावे. अभ्यंग रुग्णालयातही देता येतो.